रेयमानवहिनींचा ताप

डॉक्टर रोमुआल्द रेयमान यांचं लग्न झालेलं नव्हतं, पण आमच्या विभागात रेयमानवहिनी मात्र होत्या. तळघरातल्या प्रयोगशाळेत, डावीकडच्या शेवटच्या भट्टीत. बोटाएवढ्या जाडीचा, वितीपेक्षा आखूड, निकेलच्या मिश्रधातूचा एक रॉड. वरून पकडून टांगलेला, खाली तरफेला वजन लावलेलं आणि चहूबाजूंनी लालबुंद आच. विमानाच्या इंजिनातली पाती ज्या धातूची करतात त्याच धातूचा. इंजिनात त्या पात्यांना जे सोसावं लागतं ते इथे एका जागी टांगून घेऊन सोसायचं, एवढंच त्या रॉडचं काम. असा रॉड मुंगीच्या पावलांनी ताणला जातो आणि एक दिवस तुटतो. तो कधी तुटतो ते बघत बसायचं, हे डॉक्टरांचं काम.

आमचे विभागप्रमुख प्रोफेसर कुराश रोज सकाळी जिन्यातच विचारायचे, "काय डॉक्टर, वहिनी कशा आहेत?"

"ताप आहे," डॉक्टर म्हणायचे. "पण सोसतायत."

"बोलतात का तुमच्याशी?"

"तुमच्यापेक्षा कमी. म्हणून तर संसार टिकलाय."

मग कुराश पोट धरून हसायचे. विनोद शिळा झाला तरी माणूस मोठ्या पदावर असला की त्याला ताजाच म्हणावा लागतो, म्हणून बाकीचेही हसायचे. डॉक्टर हसायचे नाहीत. कोटाच्या खिशातून किल्ली काढून ते तळघराच्या पायऱ्या उतरायचे.

मी लुत्सिना, विभागाची सेक्रेटरी. पोलंडच्या या आग्नेय कोपऱ्यातल्या गावात सगळ्यांची पोटं विमानांवरच चालतात. माझे वडील कारखान्यात, नवरा कारखान्यात, आणि मी कारखान्याला इंजिनियर पुरवणाऱ्या या कॉलेजात. प्रोफेसर आले नि गेले, डीन बदलले, कम्युनिस्टांच्या वेळचे टाइपरायटर भंगारात गेले. माझं टेबल मात्र खिडकीपाशी तिथंच राहिलं. लोकांना वाटतं सेक्रेटरीला सगळं माहीत असतं. तसं काही नसतं. कोण कोणाशी बोलत नाही, एवढं मात्र नक्की माहीत असतं.

डॉक्टर कोणाशीच भांडलेले नव्हते, आणि तरी कोणाशी बोलत नव्हते. उंच, जरा वाकलेले, दाढी रोज गुळगुळीत, शर्टाचं वरचं बटण उन्हाळ्यातही लावलेलं. एका खोलीच्या फ्लॅटमध्ये राहायचे. सणावाराला बायकांच्या हाताचं चुंबन घेणाऱ्या जुन्या वळणाच्या माणसांपैकी ते शेवटचे. तुसडा माणूस नव्हे, पण त्यांच्या शेजारी बसलं की आपणच जास्त बोलतोय असं वाटून आपोआप गप्प व्हायला व्हायचं. रोज सकाळी अकराला ते माझ्या खोलीत चहाला यायचे. कपात लिंबाची फोड, साखर दोन चमचे. कधी हवामानावर दोन वाक्यं, कधी तीही नाहीत. कप धुऊन, पालथा घालून जायचे. या चहाला मी जन्मभर क्षुल्लक समजत आले आणि शेवटी कळलं की माझ्या दिवसात दुसरं काही नव्हतंच.

शुक्रवारी त्यांचा तास असायचा. एके काळी त्या तासाला खिडकीच्या कठड्यावरसुद्धा पोरं बसायची. मग शेजारच्या इमारतीत ड्रोन आणि कॉम्प्युटरचे नवे वर्ग निघाले, आणि धातू कोणाला हवासा वाटेना. गेली काही वर्षं पहिला बाकही भरत नव्हता. डॉक्टरांनी आवाज एवढासाही कमी केला नाही. भरल्या सभागृहाला ऐकू जाईल अशाच आवाजात ते त्या चार पोरांना शिकवायचे.

पहिल्या तासाला ते टेबलावर तुटक्या वस्तू मांडायचे. बोल्ट, पातं, स्प्रिंगचा तुकडा, कुठल्याशा ग्लायडरच्या चाकाचा दांडा. प्रत्येकाच्या हातात एकेक वस्तू द्यायची आणि विचारायचं, "हा कसा गेला?" आणि दर वर्षी कोणीतरी नवखा पोरगा ते दोन तुकडे एकमेकांवर बसवून बघायचाच. तुटलेलं दिसलं की जोडून बघावं, हा माणसाचा स्वभावच आहे. मग माझ्या खोलीपर्यंत ओरडा यायचा.

"जोडू नका! अहो, जोडू नका! तुटल्या जागी सगळं लिहिलेलं असतं आणि तुम्ही ते घासून पुसून टाकताय!"

विद्यार्थ्यांनाही ते अहो-जाहो करायचे, त्यामुळे त्यांचं ओरडणंसुद्धा अर्ज केल्यासारखं वाटायचं. पोरं घाबरायची नाहीत, पण पुन्हा जोडायचीही नाहीत.

त्यांचा दुसरा मंत्र होता, "आधी यंत्राची नाडी बघा, मग धातूची. थर्मामीटरच खोटं बोलत असेल तर रोग्याला औषध देऊन काय उपयोग?" हा तर मलाही पाठ झाला होता. माझ्या स्वयंपाकघरातलं घड्याळ पुढे गेलं की मी तो त्यालाच ऐकवायची.

वहिनींना भट्टीत घातलं तेव्हा माझा धाकटा नुकता शाळेत जायला लागला होता. डॉक्टरांनी एक सूत्र मांडलं होतं, त्यावरच त्यांना वरची पदवी मिळाली होती. त्या सूत्राप्रमाणे रॉड काही वर्षांत तुटायला हवा होता. तो तुटला नाही. आणखी वर्षं गेली, तरी नाही. मग परिषदांमध्ये लोक विचारू लागले, पाहुणे आले की कुराश त्यांना तळघरात नेऊ लागले. "हा बघा आमचा चिवट रॉड!" डॉक्टर कोपऱ्यात उभे राहायचे आणि विचारलं तरच बोलायचे. आपल्या धातूत सूत्रापेक्षा काहीतरी जास्त आहे, असं त्यांना मनापासून वाटू लागलं होतं. मुलगा हुशार निघालेल्या बापाचं होतं तसं.

सणाच्या दिवशी मात्र ते घरी नसायचे आणि कोणाकडेही नसायचे. रॉड तुटला की भट्टी त्याच क्षणी विझवायला हवी, नाहीतर तुटलेली जागा आचेत जळून काळी पडते आणि मग ती काही सांगत नाही. एरवी इमारतीत चार माणसं असतात. सुट्टीत फक्त दारावरचा रखवालदार, तोही पिऊन पडलेला. विझवायला आपोआप चालणारा स्विच होता, पण डॉक्टरांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. म्हणून नाताळ, ईस्टर, सगळ्या संतांचा दिवस, मे महिन्यातल्या जोडून आलेल्या सुट्ट्या, असं सगळं ते तळघरात लाकडी खुर्चीवर काढायचे.

मी दर वर्षी बोलवायची. नाताळच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे पहिली चांदणी दिसली की जेवायला बसतात आणि अनपेक्षित पाहुण्यासाठी एक ताट जास्तीचं मांडतात. मी म्हणायची, "या हो डॉक्टर. घर भरलेलं असतं, एक माणूस जास्त झालं तर कळणारही नाही."

"नाही जमायचं, बाई. नेमका त्याच वेळी तुटेल."

"तुटला तर तुटला!"

यावर ते माझ्याकडे असं बघायचे की मलाच कोणाच्या तरी आजारपणाची थट्टा केल्यासारखं वाटायचं. मग मी डबा भरून द्यायची: कोबीच्या करंज्या, हेरिंग मासा, खसखशीचा केक. डबा ते स्वच्छ धुऊन, आत एक संत्रं घालून परत करायचे.

घर भरलेलं असतं, हे पहिल्यांदा बोलवलं तेव्हा खरं होतं. सासूबाई होत्या, नवरा होता, दोन पोरं, अकॉर्डियन वाजवून डोकं उठवणारा दीर. नंतर सासूबाई गेल्या. दिराचं आणि नवऱ्याचं जमिनीवरून वाजलं. नवरा एका फेब्रुवारीत हृदय बंद पडून गेला. पोरं आयर्लंडला गेली. एक छपरं घालतो, एक गोदामात आहे, आणि तिकिटं नाताळातच महाग असतात. पण बोलवायचं वाक्य काही बदललं नाही. तोंडात बसलेलं होतं ते. आणि खरं सांगायचं तर, "या, मी एकटीच असते," असं विधवा बाईने अविवाहित माणसाला कॉलेजच्या जिन्यात कसं म्हणायचं? आमच्या गावात भिंतींना नुसते कान नाहीत, जीभही आहे.

तर असं सगळं चाललं होतं. त्या वर्षी जूनअखेर डॉक्टर निवृत्त होणार होते. त्यांची बहीण झेनोबिया, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला श्चेचिनला राहते, विधवा, तिने कधीपासून घोशा लावला होता की इकडे ये. डॉक्टर तिला फोनवर म्हणायचे, "रॉड तुटला की येतो." आणि कुराशनी त्यांना शब्द दिला होता की रॉड चालू आहे तोवर तळघराची किल्ली आणि खुर्ची तुमचीच, निवृत्ती गेली खड्ड्यात. म्हणजे सगळं त्या रॉडवर आलं होतं. तो टिकला तर डॉक्टर गावात राहणार, नाहीतर जाणार. विज्ञानाशी माझं काही देणं-घेणं नाही. पण तो रॉड तुटू नये असं मला वाटत होतं, आणि का वाटत होतं तेही माहीत होतं. मला अकराच्या चहाला ते हवे होते.

डॉक्टरांच्या हाताखाली पीएचडीला अनेक वर्षांनी एकच मुलगी टिकली होती. ओतिलिया. बसच्या ड्रायव्हरची मुलगी, बडबडी, सूर्यफुलाच्या बिया दातांनी फोडत फिरायची आणि टरफलं माझ्या कुंडीत टाकायची. बाकीचे कारखान्याच्या पगाराला भुलून अर्ध्यातून गेले, ही गेली नाही. उजवीकडच्या तीन भट्ट्या तिच्या. तिचे रॉड मात्र शहाण्यासारखे, सूत्राने सांगितलं त्याच सुमाराला पटापट तुटत. डॉक्टर तिला म्हणायचे, "तुमचे कच्चे आहेत. धीर धरायला शिकवा त्यांना." ती म्हणायची, "तुमच्या वहिनींकडे शिकवणीला पाठवते, सर." त्यांना विनोद ऐकवून हसवणारी गावात ही एकच होती. हसायचे म्हणजे नाकातून श्वास सोडायचे, पण तेवढंही कोणाला जमलं नव्हतं.

मे महिन्यात तोंडी परीक्षा चालू असताना ती माझ्या खोलीत आली. दार लावून घेतलं. हातात बिया नव्हत्या.

"लुत्सिनाबाई, वहिनींना ताप नाहीये."

"म्हणजे? भट्टी विझली?"

"विझली नाही. पण काट्यावर दिसतं तेवढी तापलेली नाही. पन्नासेक अंश कमी आहे. आणि हे आजचं नाही, किती वर्षांचं आहे कोण जाणे."

मग तिने मला समजेल असं सांगितलं. भट्टीत एक तार असते, ती आत किती ताप आहे ते सांगते आणि भट्टी तिचं ऐकून स्वतःला कमी-जास्त करते. पण वर्षानुवर्षं आगीत राहून ती तार स्वतःच म्हातारी होते, आणि नसलेला ताप सांगू लागते. भट्टीला वाटतं, झालं की पुरेसं. ती आच कमी करते. तार आणखी बिघडते, भट्टी आणखी थंडावते. काट्यावरचा आकडा मात्र जागचा हलत नाही.

"तुला कसं कळलं?"

"सर परीक्षा घेत होते तेव्हा वरचं बूच काढून आत एक नवी तार सोडली."

"त्यांना न विचारता?"

"विचारलं असतं तर काढू दिलं असतं?"

दिलं नसतं. त्या बुचाला हात लावायला सगळ्यांना बंदी होती. गार वारा आत गेला तर इतक्या वर्षांच्या प्रयोगाला धक्का बसेल, ही त्यांची भीती. तार बदलायची तर बूच काढावं लागणार, म्हणून त्यांनी तार कधी बदललीच नाही. दुसरा कोणी निष्काळजी माणूस असता तर त्याने कधीतरी बूच काढून ठेवलं असतं, विसरून गेला असता, तार बदलली असती, आणि त्याची चूक झाली नसती. डॉक्टरांनी जिवापाड जपलं आणि त्यातच घात झाला.

"म्हणून तुटत नव्हता तो," ओतिलिया म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "त्याला तुटण्याइतकं काही होतच नव्हतं, बाई. सूत्र बरोबर आहे. सरांचंच सूत्र बरोबर आहे, आणि सर त्यालाच खोटं समजून बसलेत."

"मग आता?"

"माझ्या प्रबंधातल्या आलेखाचा शेवटचा बिंदू वहिनींचाच आहे. कारखान्याने प्रबंध मागितलाय. पाती अजून काही वर्षं जास्त वापरता येतील का ते बघणार आहेत. त्या एका बिंदूच्या जोरावर." ती खिडकीकडे बघत होती. "जूनमध्ये ते निवृत्त होतायत. तोवर गप्प बसू? नंतर मी गुपचूप तो बिंदू काढून टाकते. त्यांना कळणारही नाही. तुम्ही त्यांना सगळ्यांत जास्त ओळखता. तुम्ही सांगा."

गप्प बस, असं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. नवी तार फेकून दे, बूच लाव, बिंदू हळूच काढ, भट्टी चालू दे. रॉड काही तुटणार नव्हता. डॉक्टर मरेपर्यंत तळघरात येत राहिले असते, अकराला वर आले असते, लिंबाची फोड, दोन चमचे साखर. कोणाचं काय बिघडलं असतं? मला एवढा मोह आयुष्यात कशाचा झाला नव्हता. आणि मग 'आधी यंत्राची नाडी बघा' असं वर्गात घसा फोडून सांगणारे डॉक्टर डोळ्यांपुढे आले, आणि वाटलं की त्यांना या खोट्यात ठेवून त्यांच्याबरोबर चहा प्यायचा, तर तो घशाखाली कसा उतरेल?

"सांग त्यांना," मी म्हणाले. "आत्ता सांग. उद्यापर्यंत थांबलीस तर मीच तुझं मन वळवेन."

"तुम्ही चला बरोबर."

गेले. डॉक्टर परीक्षा आटपून खुर्चीवर बसले होते. ओतिलियाने उभ्या उभ्या सगळं सांगितलं, एवढ्या भरभर की मध्ये श्वाससुद्धा घेतला नाही. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "माफ करा सर, न विचारता बूच काढलं."

डॉक्टरांनी विचारलं, "नवी तार तपासली होतीत?"

"हो. बर्फात आणि वितळत्या चांदीत. दोन्हीकडे बरोबर होती."

"पुन्हा घाला. मी बघतो."

त्यांनी स्वतः बूच काढलं. नवी तार आत गेली, वेगळ्या मीटरवर आकडा चढू लागला आणि चढायचं तिथपर्यंत न चढताच थांबला. डॉक्टर थांबले. दुसरी तार मागितली. तिचंही तेच. मग ते उठले, ओतिलियासमोर वाकले आणि तिच्या हाताचं चुंबन घेतलं. ती बिचारी लालेलाल झाली.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "शाबास. कारखान्याला आजच कळवा. माझ्या नावाने कळवा."

तिला रडू फुटलं. ते तिला रडू नका असं काही म्हणाले नाहीत. बूच परत लावलं, आता त्याची गरज नव्हती तरी, आणि हात धुवायला गेले. बराच वेळ नळ चालू असल्याचा आवाज येत होता.

शेवटच्या शुक्रवारी त्यांनी वर्गात दुसरं काही शिकवलं नाही. सगळ्या वर्षांचे आकडे फळ्यावर लिहिले आणि म्हणाले, "यात चूक आहे. शोधा." मी दारापाशी उभी राहून ऐकत होते. पोरांनी धातूत शोधली, वजनात शोधली, सूत्रात शोधली. तारेपाशी कोणीच गेलं नाही. शेवटी एक जण कंटाळून म्हणाला, "सर, हा तुमचा प्रयोग आहे ना? मग यात चूक कशी असेल?"

"सापडली तुम्हाला," डॉक्टर म्हणाले. "बसा."

पोराला काही कळलं नाही, पण तो बसला. मग त्यांनी तारेची सगळी गोष्ट सांगितली, स्वतःला काडीचीही सूट न देता, भरल्या सभागृहाच्या आवाजात. तास संपल्यावर पोरं टाळ्या वाजवायच्या की नाही ते न कळून तशीच उठून गेली. मला त्या पोरांचा असा राग आला की सांगता सोय नाही. तुमच्यापैकी कोणी असं उभं राहून सांगेल का, असं त्यांना विचारावंसं वाटलं. पण मी सेक्रेटरी. मी फळा पुसला.

जूनच्या एका बुधवारी भट्टी बंद करायची ठरली. इतक्या वर्षांची तापलेली भट्टी एकदम विझवत नाहीत, हळूहळू उतरवतात, दिवस जातो. सकाळी सगळे खाली आले. कुराश आलुबुखाऱ्याची दारू घेऊन आले होते, छोटे पेले भरले, आणि सवयीने तोंड उघडलं, "तर मग, वहिनींच्या..." आणि पुढे त्यांना काही सुचेना. पहिल्यांदाच त्यांचा विनोद अर्ध्यावर राहिलेला मी बघितला. त्यांनी पेला एका दमात रिकामा केला, डॉक्टरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मीटिंग आहे म्हणून गेले. एकेक करून सगळे गेले. ओतिलिया दाराशी घुटमळली, मग तिलाही मीच वर पाठवलं.

अकरा वाजता डॉक्टर वर आले नाहीत. मी थर्मासमध्ये चहा घेऊन खाली गेले. ते त्यांच्या खुर्चीवर, मी कोपऱ्यातल्या स्टुलावर. काटा हळूहळू उतरत होता. उन्हाळ्यातही त्या तळघरात गारठा असतो. इतकी वर्षं तो कळला नव्हता, कारण भट्टी होती.

चहा अर्धा झाल्यावर ते म्हणाले, "बाई, तो तुटणारच नव्हता."

"नव्हता."

"म्हणजे मी इथे बसलो नसतो तरी चाललं असतं."

"हो."

"नाताळला. ईस्टरला." ते कपाकडे बघत होते. "तुमच्याकडे आलो असतो तरी चाललं असतं."

मला त्यांची समजूत घालता आली असती. विज्ञानात असं होतंच, वगैरे. पण त्या माणसाने स्वतःला सूट दिली नव्हती, मी कोण द्यायची? मी म्हणाले, "हो. आला असता तरी चाललं असतं."

त्यांनी एक घोट घेतला. मग म्हणाले, "एक सांगू? रॉडचं कारण खरंच होतं. पण ते होतं म्हणून मला सुटल्यासारखंही वाटायचं. तुम्ही म्हणायचात घर भरलेलं असतं. भरल्या घरात मी काय बोलणार? सगळे एकमेकांचे, आणि मध्ये मी. दारातून परत फिरलो असतो मी, बाई. त्यापेक्षा इथे बरं."

कधी नव्हे तो हा माणूस एवढं बोलला होता.

"डॉक्टर," मी म्हणाले, "घर भरलेलं नसतं."

त्यांनी वर बघितलं.

"सासूबाई गेल्या. मग नवरा गेला, त्याच्या मातीला तुम्ही आला होता. दीर तेव्हापासून येत नाही. पोरं तिकडे. मी एकटीच असते जेवायला. मी आणि टीव्ही."

"पण तुम्ही दर वर्षी म्हणायचात..."

"म्हणायची. सवयीने."

"मला वाटलं, सुना, नातवंडं..." त्यांचे हात कपाभोवती घट्ट झाले. "मला कळलंच नाही."

"तुम्ही विचारलं नाहीत."

हे मी रागाने म्हटलं नव्हतं, पण ते तसं ऐकू गेलं असावं. त्यांचा चेहरा नव्या तारेचा आकडा बघतानाही असा झाला नव्हता. मला ते शब्द परत घ्यावेसे वाटले, आणि घ्यावेसे वाटलेही नाहीत. मी इतकी वर्षं त्यांची वाट बघितली होती, आणि ते त्यांना आज, या गार तळघरात, पहिल्यांदा कळत होतं. आणि मलाही ते इतकं स्पष्ट आजच कळत होतं.

"किती सोपं होतं," ते म्हणाले. एवढंच.

काटा बराच खाली आला होता. त्यांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, पुन्हा घातला.

"फ्लॅटची किल्ली दिली मी परवा," ते म्हणाले. "उद्याची गाडी आहे. झेनोबियाने खोली रंगवून घेतलीय. निळी. मला निळा आवडतो असं तिला वाटतं."

मी काय म्हणायला हवं होतं ते मला माहीत होतं, आणि तेही थांबले होते, मी म्हणावं म्हणून. पण त्या बहिणीने खोली रंगवून घेतली होती. तीही एकटीच बसत असणार जेवायला.

"मग गेलं पाहिजे," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली, आणि भट्टी पुरती गार होईपर्यंत आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो.